दगड अजून कोरडा होता

अण्णांनी पाण्याच्या कडेला, वाळूत, नारळाएवढा एक दगड ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "झालं. आता निवांत बसा. ह्याला पाणी लागलं की उठायचं."

"अण्णा, ही कृष्णा नाही," मी म्हटलं.

"पाणी ते पाणीच, वैजू. भडंग काढ."

मी भडंगाचा डबा काढला. न काढून सांगते कुणाला. पण माझं सगळं लक्ष वर होतं. दोन्ही बाजूंना तांबडे कडे सरळ वर गेलेले, आणि त्यांच्या मधून आमच्या गावभागातल्या बोळातून दिसतं तेवढंच आभाळ. निळंशार होतं. ढगाचा ठिपका नव्हता. तरी मी सकाळपासून दर थोड्या वेळानं वर बघत होते.

आम्ही चौघं होतो. मी, माझा नवरा प्रफुल्ल, आणि सांगलीहून आमच्याकडे अमेरिकेत, फिनिक्सला आलेले माझे आईवडील. दक्षिण युटातल्या त्या कॅन्यनमध्ये वेगळी पायवाट नाही, नदी हीच वाट. गुडघाभर पाण्यातून काठी टेकत, गोट्यांवरून घसरत आत चालत जायचं. तासभर तसं चालल्यावर हे वळण लागलं होतं. इथे दरी जरा रुंद होती, बसायला वाळूचा पट्टा होता, आणि मागे वरून कोसळलेल्या दगडांचा एक उतार. त्या उताराच्या वर दोनतीन झाडं. बाकी जिथे पाहावं तिथे भिंतच.

आई आमच्याकडे पाठ करून बसली होती. खास ह्या सहलीसाठी शिवलेला पंजाबी ड्रेस तिच्या अंगावर होता, पायात माझे जुने बूट, आणि हातात रुमाल, कारण आमच्या घरच्या एसीमुळे तिला आल्यापासून सर्दीनं धरलं होतं. तिनं भडंगाला हात लावला नाही. ती अण्णांनी ठेवलेल्या दगडाकडे बघत होती.

तो दगड म्हणजे काय, हे आम्हा तिघांना माहीत होतं. सांगलीत आमचं घर नदीपासून दोन बोळ अलीकडे. पावसाळ्यात कृष्णा पात्राबाहेर आली की अण्णा बोळाच्या उतारावर, पाण्याच्या कडेला, एक वीट ठेवायचे. वीट भिजली की थोडी वर सरकवायची. सरकत सरकत ती आमच्या पायरीला आली की सामान वर चढवायचं आणि घर सोडायचं. अण्णा हळदीचे व्यापारी. त्या विटेच्या जोरावर त्यांनी कितीतरी वर्षं पोत्यांना ओल लागू दिली नव्हती. गल्लीतले लोकही आकाशवाणीच्या बातम्या सोडून अण्णांची वीट बघून जायचे. कोयनेतून पाणी सोडलं तरी सांगलीला यायला वेळ लागतो, पाणी सांगून येतं, असं अण्णांचं म्हणणं. आणि "अजून वेळ आहे" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दोन हजार पाचच्या पुरात ती वीट कोरडीच राहिली आणि पाणी मागच्या गटारातून घरात आलं. आई, अण्णा आणि ताईमावशी वरच्या मजल्यावर अडकले. ताईमावशी म्हणजे आईची थोरली बहीण. लहान वयात नवरा गेला तेव्हापासून आमच्याकडेच राहायची. तिला दमा होता. आई आदल्या दिवसापासून म्हणत होती, ताईला मिरजेला भावाकडे सोडू या. अण्णा वीट बघून आले आणि म्हणाले, अजून वेळ आहे. शेवटी भर पावसात मावशीला खिडकीतून होडीत उतरवावं लागलं. न्यूमोनिया झाला, आणि पंधरवड्यात ती गेली. मी तेव्हा फिनिक्समध्ये बसून लागत नसलेला फोन लावत होते. पाण्याची धास्ती माझ्या मनात तेव्हापासून बसली ती बसलीच.

आई त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. अण्णा बोलले, पण एवढंच की, त्या वर्षीचा पूरच वेगळा होता.

आता दोन वर्षांनी आम्ही ऑगस्ट महिन्यात ह्या दरीत बसलो होतो, तेही अण्णांमुळेच. ते आल्या दिवशीच कॅन्यन कॅन्यन करायला लागले होते. प्रफुल्लनं सांगून पाहिलं की तिकडे जायचं तर ऑक्टोबर, हवा छान, पाणी शांत, झाडं पिवळी झालेली. पण अण्णांना गणपतीच्या आत घरी पोचायचं होतं. जूनजुलैत ऊन असं की मोटारीच्या दाराला हात लावला तर चटका बसावा. राहिला ऑगस्ट.

"ऑगस्टमध्ये जाऊ नका म्हणे," मी म्हटलं. "महाराष्ट्र मंडळातल्या डहाणूकर वहिनी सांगत होत्या, इथला मान्सून असतो तो."

अण्णा चहा सांडेपर्यंत हसले. "वाळवंटात मान्सून? वैजू, तुझ्या वहिनींना एकदा महाबळेश्वरला घेऊन ये. मान्सून म्हणजे काय ते बघू देत. इथं चार थेंब पडले की लोक छत्र्या काढतात."

आई म्हणाली, "राहू दे की. पुढच्या वर्षी एप्रिलला येऊ पुन्हा."

"तुला काय कळतंय त्यातलं," अण्णा म्हणाले, आणि विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपायचे.

सकाळी पार्कच्या दाराशी फळा होता. त्यावर त्या दिवसाचा पुराचा धोका लिहिलेला होता, आणि पुढे शब्द होता, 'शक्य'. हॅट घातलेल्या एका मुलीनं आम्हाला समजावून सांगितलं की इथे ऊन असलं तरी वर पठारावर पाऊस पडला तर त्याचं पाणी ह्या दरीतूनच येतं.

"म्हणजे कोयनेसारखंच," अण्णा मला मराठीत म्हणाले. "मग यायला वेळ लागणार. आणि शक्य म्हणजे काय? वेधशाळेनं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची, हे सगळ्या जगात सारखंच असणार."

प्रफुल्ल मवाळ माणूस. सासऱ्यांना नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं. तासभर आत जाऊ आणि परत फिरू, असं त्यानं ठरवलं.

भडंग खाऊन होत आलं होतं तेव्हा वरच्या बाजूनं एक गोरं जोडपं पाण्यातून झपझप येताना दिसलं. बाई आमच्यापाशी क्षणभर थांबली. म्हणाली, पलीकडे ढग गडगडल्यासारखं वाटलं, आम्ही तर निघालो, तुम्हीही निघा. आणि ती दोघं खालच्या वळणाला दिसेनाशी झाली.

"उठा," मी म्हटलं. "प्रफुल्ल, चल. आई, ऊठ."

"अगं बस की," अण्णा म्हणाले. "कशाला घाई करायलीस? तुला गडगडाट ऐकू आला?"

"त्यांना आला ना."

"ती माणसं भित्री असतात गं. दगड बघ की. कोरडा हाय का नाही?"

दगड कोरडा होता. पाणी त्याच्यापासून वीतभर लांब होतं, आणि इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत.

प्रफुल्ल चाचरत म्हणाला, "अण्णा, तरी निघू या. उशीर कशाला."

"प्रफुल्लराव, मी आयुष्य काढलंय नदीकाठी. एवढ्या लांब आलोय, जरा बसू दे. अजून वेळ आहे."

आई उठली.

तिनं रुमाल कमरेला खोचला, काठी घेतली आणि चालायला लागली. मला हायसं वाटलं, निदान एक माणूस तरी उठलं. पण ती नदीकडे वळलीच नाही. ती मागच्या दगडांच्या उताराकडे गेली आणि वर चढायला लागली.

"आई, तिकडे कुठे? वाट इकडे आहे."

तिनं मागे पाहिलं नाही.

"अगं ए," अण्णा ओरडले. "काय हवंय तुला वर? गुडघे बघ स्वतःचे."

आईला आमच्या घराच्या चार पायऱ्या चढताना कठडा लागायचा. ती आता काठी टाकून, दोन्ही हात टेकून, एकेका दगडावरून वर सरकत होती. मला काही सुचेना. हिला चक्कर येतेय का, ऊन लागलं का, की डोक्यावर परिणाम झाला? मी तिच्यामागे धावले. "प्रफुल्ल, ये रे, ती पडेल," असं ओरडल्याचं आठवतं. तोही आला. अण्णा खालीच राहिले. बायकोच्या मागे धावत जाणाऱ्यांतले ते नव्हते. ते डब्याचं झाकण शोधत होते.

मी आईला झाडांपाशी गाठलं. ती एका खोडाला टेकून बसली होती, धापा टाकत होती आणि तिचे तळवे सोलवटले होते.

"काय झालं? काही होतंय का तुला?"

"काही नाही. तू जा."

"आई, आपल्याला परत जायचंय. लगेच जायचंय."

"जा तुम्ही. मी येत नाही."

असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मला रडू यायला लागलं. मी तिचा दंड धरला, तिनं तो सोडवून घेतला. तेवढ्यात वारा आला. त्या भट्टीसारख्या दरीत, फ्रीज उघडल्यावर येतो तसा गार वारा, वरच्या बाजूनं. प्रफुल्ल निम्म्या उतारावर होता. तो थांबला आणि त्यानं खाली पाहिलं.

नदीचा रंग बदलला होता. मघाचं नितळ पाणी चहासारखं झालं होतं, आणि त्यावरून काटक्या आणि फेस चालला होता. पातळी तेवढीच होती. अण्णा दगडापाशी वाकून बघत होते. दगड अजून कोरडा होता.

मग आवाज आला. मला आधी वाटलं विमान आहे. पण तो आवाज खालून, पायांखालच्या दगडांतून येत होता.

"अण्णा," प्रफुल्ल इतक्या जोरात ओरडला की त्याचा आवाज फाटला. "वर या. डबा टाका. वर या."

अण्णांनी मान वर केली. ते पळायला लागले, पण वाळूत पाय रुतत होते. बासष्ट वर्षांचे, अंगानं भरलेले, पळायची सवय नसलेले माझे वडील. वळणावरून ते आलं. त्याला पाणी म्हणवत नाही. पुढे लाकडं, झाडांचे बुंधे, माती, एकमेकांवर चढत, आणि त्यांच्या मागे ते सगळं ढकलणारा तांबडा लोट, माणसाहून उंच. पाणी सांगून येतं म्हणायचे अण्णा. ह्यानं काही सांगितलं नाही.

प्रफुल्ल खाली गेला. तो खाली जातोय हे मला दिसत होतं, आणि मी हललेही नाही. मला एवढंच कळत होतं की आता दोघंही जाणार. आई माझ्या शेजारी उभी राहिली होती आणि तिच्या घशातून एक आवाज येत होता, शब्द नव्हते त्यात. अण्णांनी पहिल्या दगडावर पाय ठेवला आणि पाणी तिथे पोचलं. ते कमरेपर्यंत पाण्यात गेले, फिरले, आडवे झाले. प्रफुल्लनं त्यांच्या सदऱ्याची मागची बाजू धरली. सदरा फाटला. मग त्यानं हात धरला. किती वेळ तो नुसता धरून उभा होता, मला सांगता येणार नाही. मग एक बुंधा येऊन खालच्या खडकाला आडवा लागला, धार क्षणभर पलीकडे वळली, आणि तेवढ्यात त्यानं अण्णांना ओढून घेतलं.

दोघं हातापायांवर वर आले. पाणी त्यांच्या मागोमाग चढत होतं. आम्ही झाडांच्याही वर, कड्याला पाठ लागेपर्यंत सरकलो. त्याच्या पुढे जागा नव्हती. वाळूचा पट्टा गेला होता. दगडांचा उतार एकेक दगड करून चालला होता. खाली बुंधे कड्यावर आदळायचे आणि पाठीमागची भिंत हादरायची. मी डोळे मिटून रामरक्षा म्हणायला लागले, आणि तिसऱ्या ओळीला अडकून पुन्हा पहिलीवर येत राहिले. एवढ्या वर्षांची पाठ रामरक्षा, आठवेना.

अण्णा थंडीनं कुडकुडत होते. त्यांच्या कानशिलातून रक्त येत होतं आणि एक बूट गेला होता. ते सारखं खाली, जिथे दगड होता तिकडे बघत होते. आई सरकत त्यांच्यापाशी गेली, आपली ओढणी काढून त्यांच्या डोक्याला बांधली आणि म्हणाली, "बसा गप्प."

झाडांची मुळं भिजली, आणि तिथे पाणी थांबलं. आम्ही बघत राहिलो. बऱ्याच वेळानं एका मुळाची ओली माती पुन्हा दिसायला लागली, तेव्हा प्रफुल्ल रडला.

सूर्य कड्याआड गेल्यावर पण उजेड असतानाच पार्कची माणसं दोर घेऊन आली. त्यांच्यातल्या एकानं, दाढीवाल्या, आम्हाला पांघरुणं दिली आणि सांगितलं की ते गोरं जोडपं खालच्या अरुंद भागातून जेमतेम बाहेर पडलं. अखेरचं अंतर ते पळत आले. त्यांच्यामागून थोड्या वेळानं कुणी निघालं असतं, तर पुढची दरी इतकी अरुंद होती की चढायला एक दगडही मिळाला नसता. तुम्हाला वर चढायचं कसं सुचलं, असं त्यानं विचारलं.

अण्णांनी आईकडे बोट केलं. "माय वाइफ," ते म्हणाले. मग मराठीत माझ्याकडे वळले. "त्याला सांग वैजू, हिला वास आला. नदीकाठची बाई आहे. पुराच्या पाण्याचा वास आला तिला. मला नाही आला."

मी सांगितलं. दाढीवाल्यानं आईला टोपी काढून नमस्कार केला. आईनं कमरेचा रुमाल काढून नाक पुसलं.

ती गोष्ट अण्णांनी सांगलीला नेली आणि गल्लीभर केली. दरवेळी वास जरा लांबून यायचा. आणि दरवेळी शेवट एकच, हिनं उठवलं म्हणून मी आहे. गंमत म्हणजे त्यानंतर अण्णा खरोखरच आईला विचारायला लागले. हळद कधी विकायची इथपासून मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी करायचं इथपर्यंत. "तिला विचार," हे त्यांचं नवं वाक्य झालं. आम्ही पुढे भारतात परतलो, पुण्यात घर केलं. अजूनही अमेरिकेला निघालेलं कुणी ना कुणी विचारतं, तिकडच्या कॅन्यनला जायला चांगला काळ कुठला? मी एप्रिल किंवा ऑक्टोबर सांगते आणि विषय बदलते.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टमध्ये कृष्णा पुन्हा वर आली. अण्णांची वीट बोळाच्या निम्म्यावर होती आणि कोरडी होती. आई म्हणाली, निघायचं. अण्णांनी तासाभरात घराला कुलूप लावलं आणि दोघं माझ्याकडे पुण्याला आली. गल्लीतले काही जण हसले होते म्हणे. नंतर त्यांना होडीतून काढावं लागलं.

पाणी उतरायला लागल्याच्या बातम्या येत होत्या त्या दिवसांतली गोष्ट. अण्णा हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून कुणाला तरी फोनवर कॅन्यनची हकिगत ऐकवत होते. मी आणि आई स्वयंपाकघरात लसूण सोलत होतो. वासाशी आल्यावर अण्णांचा आवाज नेहमीसारखा चढला.

"आई," मी विचारलं, "नक्की कसला वास होता गं तो? चिखलाचा?"

तिनं एक पाकळी सोलून वाटीत टाकली.

"मला कसला वास येतोय? सर्दीनं नाक चोंदलेलं होतं माझं."

"मग तुला कळलं कसं?"

"काही कळलं नव्हतं." ती सोलतच होती. "त्यांनी तो दगड ठेवला ना, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. आणि मग म्हणाले, अजून वेळ आहे. मला ताई दिसली, होडीत बसलेली. ओलीचिंब. मी मनात म्हटलं, आता ह्या माणसाबरोबर एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. त्यांचा आवाज ऐकू येणार नाही अशा जागी जाऊन बसायचं होतं मला. वर झाडं दिसली, तिकडे गेले."

माझ्या हातातली सुरी थांबली.

"आणि वर बसून मी काय म्हणत होते, सांगू? म्हणत होते, भिजू दे एकदा तो दगड. ह्यांच्या डोळ्यांदेखत भिजू दे." तिनं पदरानं नाक पुसलं. "आणि मग ते आलं. त्यांना पाण्यात आडवं झालेलं बघितलं मी वैजू. मला वाटलं, हे मीच बोलावलं."

इतक्या वर्षांनी मला पुन्हा तीच भीती वाटली, पायांखालून आवाज येत असल्याची.

"मग अण्णांना का नाही सांगितलंस कधी?"

"मी कुठं वास म्हटलं? तेच म्हणाले. मला वाटलं, म्हणू देत." तिनं आणखी एक पाकळी वाटीत टाकली. "ताईच्या वेळी ऐकायला पाहिजे होतं. तेव्हा नाही, तर निदान आता ऐकतात."

हॉलमधला फोन संपला. टीव्हीचा आवाज बारीक झाला, आणि अण्णा दारात आले. हल्ली ते भिंतीला धरून चालायचे. कानशिलावर तो जुना व्रण होता.

"अगं," ते आईला म्हणाले, "पाणी पायरीखाली गेलंय म्हणतात. निघायचं का उद्या सांगलीला? तुला काय वाटतं?"

आईनं लसणाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"बसा," ती म्हणाली. "अजून वेळ आहे."